विशी-पंचविशीतील मन आणि त्याचे बचाव

(उमरी येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

सहन न होणारी गोष्ट समोर आली की माणसाचे मन ती आहे तशी स्वीकारण्याआधी तिच्यात काही ना काही फेरफार करते. कधी ती घडलीच नाही असे धरून चालते, कधी तिचा दोष दुसऱ्याच्या माथी मारते, कधी तिला पटण्याजोगे एखादे कारण जोडते, तर कधी तिच्यातून उसळलेला आवेग एखाद्या उपयोगी कामाकडे वळवते. हे सारे बहुतांशी नकळत घडते आणि घडत असताना वेदनेपासून, लाजेपासून किंवा अपराधी भावनेपासून माणसाला तात्पुरता आडोसा देते. मनाच्या या नकळत चालणाऱ्या व्यवहारांना मानसशास्त्रात संरक्षण यंत्रणा म्हणतात. या यंत्रणा आणि साधारण अठरा ते पंचवीस या वयात आकार घेणारे व्यक्तिमत्त्व यांचा संबंध हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. तरुणाचा बचाव म्हणजे त्याचा खोटेपणा असे समजून तो चारचौघांत उघडा पाडण्याची जी सवय घरोघरी आणि शाळा-महाविद्यालयांत रुजली आहे, ती घातक आहे. आणि तरुणाने मांडलेल्या खऱ्या गाऱ्हाण्याला नुसता बचाव ठरवून मोडीत काढणे हेही तितकेच घातक आहे, असे या व्याख्यानाचे म्हणणे आहे.

या संकल्पनेचा उगम १८९४ सालच्या सिग्मंड फ्रॉईड यांच्या एका निबंधात सापडतो. असह्य विचार जाणिवेबाहेर ठेवण्यासाठी मन जी धडपड करते तिला त्यांनी बचाव असे नाव दिले. पुढे बराच काळ त्यांचा सारा भर दमनावर, म्हणजे नकोशी आठवण किंवा इच्छा नेणिवेत ढकलून देण्याच्या क्रियेवर राहिला. दमन ही अनेक बचावांपैकी केवळ एक तऱ्हा आहे, ही भूमिका त्यांनी १९२६ च्या सुमारास पुन्हा स्पष्ट केली. या तऱ्हांची नीट मांडणी करण्याचे श्रेय मात्र त्यांची कन्या ॲना फ्रॉईड यांचे. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी अहम् आणि त्याच्या संरक्षण यंत्रणांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. ॲना मुळात शाळेत शिकवणाऱ्या होत्या आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्यांनी जवळून पाहिले होते, हे त्या ग्रंथात पानोपानी जाणवते. वयात येणाऱ्या मुलामुलींचे दोन बचाव त्यांनी विशेष नोंदवले. पहिला विरक्तीचा: शरीरात उठणाऱ्या नव्या ओढींची भीती वाटून चांगले खाणे, नटणे, मित्रांत मिसळणे अशा निर्दोष सुखांकडेही मुलगा एकाएकी पाठ फिरवतो. दुसरा बौद्धिकीकरणाचा: जे आत सलते आहे त्याविषयी अवाक्षर न काढता देव, देश, धर्म आणि क्रांती यांवर रात्र-रात्र वाद घालतो. खेड्यापाड्यांतल्या पारावर आणि शहरातल्या खोल्यांवर या दोन्ही प्रकारचे तरुण आजही भेटतात, आणि पहिल्याला ‘भलताच गुणी’ तर दुसऱ्याला ‘भलताच हुशार’ म्हणून घरचे निश्चिंत होतात. भारतापुरते बोलायचे, तर गिरींद्रशेखर बोस यांच्या पुढाकाराने १९२२ साली कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था उभी राहिली. म्हणजे या विचाराला आपल्या देशातही शंभर वर्षांचे वय आहे.

शास्त्राने ज्यांना नावे दिली त्या व्यवहारांची ओळख मराठी समाजाला फार पूर्वीपासून होती. जे मिळाले नाही ते मुळात घेण्याजोगे नव्हते असे स्वतःला पटवणाऱ्याला कोल्ह्याला द्राक्षे आंबट हे ऐकावे लागते. या व्यवहाराला मानसशास्त्र समर्थन म्हणते. स्वतःची उणीव बाहेरच्या गोष्टीवर लादणाऱ्याला नाचता येईना अंगण वाकडे असे सुनावले जाते. स्वतःमधील नकोशी भावना दुसऱ्याच्या ठायी पाहण्याचे जे प्रक्षेपण, त्याचा हा जवळचा नातेवाईक. साहेबावरचा राग घरी येऊन पोरावर काढणे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर, आणि हेच विस्थापन होय. या म्हणींचे निरीक्षण अचूक आहे. परंतु त्यांचा सूर चेष्टेचा आहे, आणि येथे शास्त्राची वाट त्यांच्यापासून वेगळी होते. द्राक्षे आंबट म्हणणाऱ्याला म्हण हसते. शास्त्र विचारते, की द्राक्षे गोड होती हे आजच कबूल करावे लागले असते, तर त्या माणसाच्या मनाचे काय झाले असते.

बचावांची प्रतवारी लावण्याचे महत्त्वाचे काम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हेलंट यांनी केले. हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक अभ्यास सुरू झाला, त्यात २६८ निरोगी विद्यार्थी निवडून आयुष्यभर त्यांचा मागोवा घेण्याचे ठरले. पुढे हा अभ्यास व्हेलंट यांच्याकडे आला आणि १९७७ मध्ये त्यावरील त्यांचे पुस्तक निघाले. त्यांनी बचावांच्या चार पायऱ्या मानल्या. सर्वांत खाली वास्तवाचे भानच हरपवणारे, भ्रमापर्यंत जाणारे बचाव येतात. त्यावर अपरिपक्व बचाव: प्रक्षेपण, दिवास्वप्नात रमणे, प्रत्येक दुःखाचे शारीरिक दुखण्यात रूपांतर करणे, उघड विरोध न करता मुद्दाम टाळाटाळ करून छळणे आणि आवेग मनात न थांबवता थेट कृतीत उतरवणे. तिसऱ्या पायरीवर दमन, विस्थापन, बौद्धिकीकरण आणि मनात असते त्याच्या नेमके उलटे वागणे, म्हणजे प्रतिक्रिया निर्मिती. सर्वांत वरच्या, परिपक्व पायरीवर त्यांनी पाच बचाव ठेवले: परोपकार, आवेग उपयोगी कामाकडे वळवणारे उदात्तीकरण, विनोद, पुढच्या अडचणीची आधीच मनाशी केलेली तयारी, आणि दुःखाची जाणीव ठेवूनही ते काही काळ बाजूला सारण्याचा निग्रह. परोपकार हाही बचावच आहे, हे ऐकून अनेकांना खटकते; पण स्वतःला न मिळालेले दुसऱ्याला मिळवून देण्यात माणसाला जो आधार सापडतो तो खराच असतो, आणि त्याने परोपकाराची किंमत कणभरही उणावत नाही.

व्हेलंट यांच्या निष्कर्षांपैकी दोन निष्कर्ष मराठवाड्याने विशेष ध्यानात घ्यावेत असे आहेत. किशोरवयात हार्वर्डच्या अभ्यासातील मुले परिपक्व बचावांच्या दुप्पट अपरिपक्व बचाव वापरत होती; तारुण्यात हे प्रमाण नेमके उलटले आणि परिपक्व बचाव दुप्पट झाले; मध्यमवयात ते चौपट झाले. म्हणजे एकोणिसाव्या वर्षी जो मुलगा सगळा दोष इतरांवर ढकलतो, त्याचा स्वभावच तसा आहे असा शिक्का मारणे घाईचे ठरते, कारण त्याचा स्वभाव अजून ठरायचा आहे. दुसरा निष्कर्ष केवळ हार्वर्डच्या मुलांवरून काढलेला नाही. बॉस्टन शहरातील गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचाही असाच दीर्घकाळ मागोवा घेतला गेला होता. दोन्ही गटांची तुलना करता असे आढळले, की बचावांची परिपक्वता आईबापांच्या आर्थिक स्थितीवर, बुद्ध्यांकावर किंवा पदवीवर अवलंबून नसते. कोरडवाहू वावरावर राबणाऱ्या घरातील मुलाचे मन श्रीमंत घरातील मुलाच्या मनापेक्षा कच्चे असते, असे मानायला या अभ्यासात कोणताही आधार नाही. त्या मुलाच्या वाट्याला आलेले प्रसंग मात्र अधिक कठीण असतात, आणि चुकायला त्याला जागाही कमी मिळते.

व्यक्तिमत्त्व या शब्दाचाही येथे खुलासा हवा. आजचे मानसशास्त्र व्यक्तिमत्त्वाचे वर्णन साधारणतः पाच गुणविशेषांत करते: भावनिक अस्थिरता, बहिर्मुखता, नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि कर्तव्यदक्षता. भावनिक अस्थिरता ज्यांच्यात अधिक, त्यांच्या ठिकाणी अपरिपक्व बचावही अधिक आढळतात, असे अनेक पाहण्यांतून दिसले आहे. परंतु हे पाच विशेषही दगडावरची रेघ नव्हेत. ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ९२ दीर्घकालीन नमुन्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा भावनिक स्थैर्य आणि कर्तव्यदक्षता यांत सर्वाधिक वाढ वीस ते चाळीस या वयात होते असे दिसून आले. बचाव मोजण्यासाठी मायकेल बाँड यांनी १९८३ मध्ये एक प्रश्नावली रचली आणि तिचे चाळीस विधानांचे सुटसुटीत रूप १९९३ मध्ये आले. महाविद्यालयीन तरुणांवरील पुष्कळ संशोधन याच प्रश्नावलीवर उभे आहे. जे नकळत घडते ते माणसाला विचारून कसे कळणार, हा आक्षेप तिच्यावर घेतला जातो आणि तो रास्त आहे. ही प्रश्नावली मोजते ती बचावाची वर उमटलेली खूण. त्याहून अधिक अर्थ तिच्या गुणांकातून काढू नये.

आता हे सारे या भूमीवर आणून पाहावे लागेल. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात आकाराला आलेला परीक्षांच्या तयारीचा ‘लातूर पॅटर्न’ पुढे राज्यभर गाजला, आणि दहावीनंतर पोराला लातूरला नाहीतर नांदेडला ठेवणे ही मराठवाड्यातील घरांची रीत होऊन बसली. त्यातून अनेक सामान्य घरांतील मुले डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे निर्विवाद आहे. जी झाली नाहीत, ती स्पर्धा परीक्षांच्या आणि पोलीस भरतीच्या रांगेत उभी राहिली. उमरीहून सकाळच्या गाडीने नांदेडला जायचे, अभ्यासिकेत दिवसभर बसायचे, संध्याकाळी परतायचे, असे अप-डाउन करणारा चोवीस वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणावा. दोन-तीन गुणांनी त्याची यादी हुकलेली असते. गावात कोणी विचारले, की तो सांगतो, “यंदा जागाच कमी निघाल्या.” पाहुण्यांनी विचारले, की म्हणतो, “तयारी झाली होती, पण तब्येत बरी नव्हती.” रात्री जेवताना भाजीत मीठ कमी पडल्यावरून तो आईवर ओरडतो, आणि मग ताट सरकवून उठतो. लग्नाचा विषय निघाला की त्याचे डोके दुखू लागते. मित्राची निवड झाल्यावर त्याला हार घालायला मात्र सर्वांत पुढे असतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन उचलत नाही. समर्थन, विस्थापन, दुःखाचे दुखण्यात रूपांतर, प्रतिक्रिया निर्मिती: एका आठवड्यात हे चारही बचाव या एका घरात दिसतात. यातला प्रत्येक बचाव त्याला पुढच्या परीक्षेच्या फॉर्मपर्यंत उभा ठेवतो. “जागा कमी नव्हत्या, तूच कमी पडलास,” असे त्याला ओट्यावर बसून ऐकवणाऱ्याने सत्य सांगितलेले असते. पण त्या सत्यासोबत जगायला लागणारा दुसरा कोणताही आधार त्याने देऊ केलेला नसतो.

त्या तरुणाचे पहिले वाक्य मात्र पुन्हा तपासले पाहिजे. जागा खरोखरच कमी निघाल्या असतील, तर ते वाक्य बचाव नव्हे, ती बातमी आहे. जाहिराती लांबतात, परीक्षा पुढे ढकलल्या जातात, पेपर फुटतात. २०२४ साली नीट परीक्षेच्या पेपरफुटीचा तपास थेट लातूरपर्यंत पोहोचला होता. अशा वेळी “पेपर आधीच फुटला होता” या तक्रारीला प्रक्षेपण ठरवणारा शिक्षक किंवा समुपदेशक शास्त्राचा गैरवापर करतो. बचाव आणि वास्तवाचे अचूक आकलन यांतील भेद बाहेरून ओळखणे सोपे नसते, म्हणून आधी वस्तुस्थिती तपासावी आणि मगच मनाविषयी बोलावे, हा क्रम कधीही उलटू नये.

किल्लारीचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपली असताना भूकंप झाला आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर दीर्घकाळ अनेक कुटुंबे उभ्या राहिलेल्या पक्क्या घरातही झोपायला तयार नव्हती. अंगणात, पत्र्याच्या शेडमध्ये रात्र काढत होती. या भीतीला बचाव म्हणणे चूक ठरेल, कारण दगडी भिंतीने माणसे मारली हे त्यांनी पाहिले होते. त्याच माणसांपैकी काहींनी पहिल्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढता ढिगारे उपसले, दहन-दफन उरकले, जनावरांना चारा घातला. भावना गोठवून ठेवण्याच्या या बचावावर तेव्हा अवघे गाव तगले. महिने उलटूनही ज्यांच्या भावना गोठलेल्याच राहिल्या, त्यांना मदतीची गरज होती, आणि पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली त्या भागात असे काम केले. बचाव चांगला की वाईट, हे त्याच्या जातीइतकेच त्याच्या मुदतीवरही अवलंबून असते.

ज्या १९३८ साली हार्वर्डमध्ये सुखवस्तू, निरोगी तरुणांची निवड चालू होती, त्याच वर्षाच्या अखेरीस निजामाच्या राज्यात औरंगाबाद आणि हैदराबादचे विद्यार्थी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल वसतिगृहांतून आणि महाविद्यालयांतून बाहेर काढले जात होते. त्यांतील अनेकांना पुढे नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. त्यांचा आयुष्यभर मागोवा कोणी घेतला नाही, ही मराठी मानसशास्त्राची मोठी हानी म्हटली पाहिजे. सुमारे नऊ वर्षांनंतर, ३० जानेवारी १९४८ रोजी, याच उमरी गावातील बँकेवर हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सैनिकांनी छापा घातला आणि तो पैसा चळवळीच्या कामी लावला. रझाकारांच्या अत्याचारांनी पेटलेला संताप शिस्तीच्या सामूहिक कृतीत वळवणे, याला उदात्तीकरण म्हणण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. त्या तरुणांच्या मनात काय चालले होते याचे पुरावे हाती नाहीत, आणि राजकीय कृतीला राजकीय कारणे असतात. तिचे सारे स्पष्टीकरण मनाच्या तळाशी शोधणे हा त्या पिढीवर अन्याय होईल. एवढे मात्र म्हणता येते, की त्या पिढीच्या रागाला काम मिळाले होते, सोबत मिळाली होती, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा एकेकाळचा शाळामास्तर नेता म्हणून मिळाला होता. ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते अशा व्यक्तीचे गुण स्वतःत मुरवून घेणे, म्हणजे तादात्म्य, हा या वयाचा खास बचाव असल्याचे फीबी क्रेमर यांच्या संशोधनात दिसते: लहान मूल नकाराचा आधार घेते, थोडे मोठे झाल्यावर प्रक्षेपणाचा, आणि किशोरवयाच्या उत्तरार्धात तादात्म्याचा. आजच्या तरुणाने तादात्म्य साधावे अशी माणसे त्याच्या तालुक्यात किती दिसतात, हा प्रश्न म्हणूनच मानसशास्त्राचाही आहे.

मुलींविषयी स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे. जेफ्री आर्नेट यांनी २००० साली अठरा ते पंचवीस या टप्प्याला उदयोन्मुख प्रौढत्व असे नाव दिले. या वयात माणूस नोकऱ्या, नाती आणि मते बदलून पाहतो व मग स्थिरावतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ज्या मुलीची सोयरीक बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला जमते आणि तिसरे वर्ष सासरी बुडते, तिच्या आयुष्यात हा टप्पा येतच नाही. काल ती मुलगी होती, आज ती सून आहे. मधला काळ कोणीतरी काढून घेतलेला असतो. अशी मुलगी माहेरी आल्यावर हसत म्हणते, “मला कुठं शिकायची आवड होती?” आणि ऐकणारे निर्धास्त होतात. तिच्या डोकेदुखीवर, हातापायांच्या मुंग्यांवर आणि छातीतल्या धडधडीवर गोळ्या-इंजेक्शने होत राहतात. व्हेलंट यांच्या पायऱ्यांवर तिचे दुखणे अपरिपक्व बचावात मोडेल. परंतु ज्या घरात सुनेला दुःख बोलून दाखवण्याची मुभा नाही आणि आजारी पडण्याची आहे, तेथे शरीराने बोलणे हाच तिला उरलेला मार्ग असतो. या ठिकाणी पायऱ्यांची ती मांडणी अपुरी पडते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तीच मुलगी पुढे नणंदेच्या शिक्षणासाठी घरात भांडते, लेकीला सायकल घेऊन देते, तेव्हा तिच्यातला परोपकार सर्वांत वरच्या पायरीवरचा असतो, आणि त्यासाठी तिला कोणी पदवी दिलेली नसते.

बचाव पिकतात ते माणसांच्या सहवासात. उपदेशाने पिकत नाहीत. म्हणून घरच्यांनी आणि शिक्षकांनी करावयाचे काम साधे आहे. तरुण सांगतो ते कारण तूर्त मान्य करावे, त्याच्याशी वाद घालू नये, निकालाखेरीज इतर गोष्टी त्याला विचाराव्यात, आणि घरातले एखादे खरे काम विश्वासाने त्याच्यावर सोपवावे. सावध व्हावे ते बचाव ताठर झाल्यावर: प्रत्येक प्रसंगी एकच बचाव पुढे येऊ लागला, झोप आणि जेवण बिघडले, मित्र सुटले, व्यसन जडले, किंवा मरणाचा विषय थट्टेतही वरचेवर निघू लागला, तर वाट पाहू नये. मरणाचा विषय काढला तर तो विचार बळावेल ही समजूत चुकीची आहे; तसे काही मनात येते का, असे सरळ आणि मायेने विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले आहे. तिला शिक्षा नव्हे, उपचार मिळावेत हा त्यामागचा हेतू आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून देशात टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा चालू असून १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

तथापि, फोन करायला फोन हाती असावा लागतो आणि बोलायला आडोसा असावा लागतो. दोन खोल्यांच्या घरात, जिथे एकच मोबाइल भाऊ घेऊन फिरतो, तिथल्या मुलीला हा क्रमांक पाठ असूनही उपयोगाचा नाही. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयाने ग्रंथालयाशेजारी दार लागणारी एक लहान खोली, तीत एक दूरध्वनी आणि बाहेर कोण कशासाठी आत गेले याची नोंद न ठेवणारी एक व्यक्ती, एवढी सोय केली तरी तिला बोलता येईल; ही मागणी या व्यासपीठावरून उमरीच्या महाविद्यालयीन आणि नगर प्रशासनापुढे ठेवली जात आहे.